सोकोटोहून रोज वर्गात

नापास झाले ती एका विषयात. एका! चार वर्षांत एकेचाळीस विषय. त्यातले चाळीस मी खाऊन ढेकर दिला आणि एकेचाळिसावा, संख्याशास्त्र, घशात अडकला. आमचं विद्यापीठ तो विषय वर्षातून एकदाच शिकवतं, म्हणून त्या एकासाठी अख्खं वर्ष पुन्हा बसायचं. याला आमच्याकडे ‘जास्तीचं वर्ष’ म्हणतात, जणू बाजारात टोपलीभर टोमॅटो घेतले आणि बाईने खूश होऊन चार वरून टाकले.

खरी पंचाईत वेगळीच होती. निकाल लागायच्या आधीच मी पास झाले होते. शेवटचा पेपर संपला की इथली पोरं पांढरे शर्ट घालून नाचत बाहेर पडतात, एकमेकांच्या पाठीपोटावर मार्करने सह्या ठोकतात, आणि झाले पदवीधर! पेपर तपासणाऱ्याला कोण विचारतो? मी माझ्या शर्टाचा फोटो मम्मीला पाठवला. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी बेनिन शहरातल्या आमच्या चर्चमध्ये माझ्यासाठी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे जाहीर आभार. एकाच थानातलं हिरवं कापड नेसून वीस बायका मम्मीच्या मागून नाचत वेदीपर्यंत गेल्या. मम्मीने माईक घेऊन साक्ष दिली, ‘माझा नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, पोरीला शिवणकामाला बसव. आता बघा म्हणावं!’ तीनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या.

दोन महिन्यांनी निकाल लागला.

आता सांगणार कसं? मम्मीला सांगायचं म्हणजे सगळ्या चर्चला सांगायचं, आणि वर देवालाही कळवायचं की बाबा रे, ते आभार चुकून आले. माझी काही छाती झाली नाही. पदवी मिळाली की सरकार पोरांना खाकी घालून वर्षभर दूरच्या राज्यात सेवेला धाडतं. मी सांगून टाकलं, मला सोकोटो मिळालं, देशाच्या पार उत्तर टोकाला, वाळवंटाच्या कडेला. सोकोटो अशासाठी की तिथे भेटायला यायचं तर मम्मीचे बसमध्ये दोन दिवस गेले असते. प्रत्यक्षात मी तिच्यापासून दोन तासांवर, जुन्याच खोलीत, जुन्याच वह्या घेऊन.

मग तिला खाकीतला फोटो हवा झाला. मैत्रिणीच्या बहिणीचा गणवेश मागून आणला आणि वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीसमोर सलाम ठोकून दिला पाठवून. वाटलं, सुटले.

वर्गात गेल्या वर्षीची ज्युनियर मंडळी. त्यातला ओडियन नावाचा एक दीडशहाणा रोज दारात उभा राहून खुर्ची पुसून द्यायचा. ‘या आज्जी, पुढे बसा. फळ्यावरचं दिसतं ना अजून?’

‘तुझं थोबाड दिसतंय, तेवढं पुरे आहे,’ मी म्हणायचे. सगळा वर्ग हसायचा, मीही हसायचे. खोलीवर आल्यावर हसू येत नसे.

फेब्रुवारीत ओसुंडे सरांनी ऑफिसात बोलावलं. संख्याशास्त्र त्यांचंच. मला बसायलाही न सांगता त्यांनी टेबलावरचं एक नवंकोरं कॅलेंडर उघडून माझ्याकडे फिरवलं. मे महिना. त्यावर मी, हातभर मोठी, खाकीत, सलाम ठोकताना. खाली छापलेलं : ‘सोकोटोत देशसेवा करणारी आमची लेक, इवी’.

अगं बाई! मम्मीने फोटो चर्चला दिला होता आणि चर्चने सहाशे प्रती काढल्या होत्या.

‘सोकोटो,’ सर म्हणाले. ‘एवढ्या लांबून रोज माझ्या तासाला येतेस. आणि तरी उशीर फक्त दहा मिनिटं! कमाल आहे तुझी.’

‘सर, ते असं झालं...’

‘तुमच्या चर्चचा वर्धापनदिन आहे रविवारी. मी प्रमुख पाहुणा. आमंत्रणासोबत हे पाठवलंय त्यांनी.’ चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. मला वाटतं हसू दाबत होते. ‘तुझी आई भेटेलच. तिचं अभिनंदन करू की सांत्वन, तेवढं शनिवारपर्यंत कळव. मला खोटं नीट बोलता येत नाही.’

शनिवारी सकाळीच मी बेनिनला गेले. मम्मी मागच्या अंगणात भिजवलेल्या चवळीची सालं काढत बसली होती. मला पाहून उठली, ‘अगं, रजा मिळाली?’ म्हणाली, आणि मी तिथेच उभ्याउभ्या सगळं ओकले.

तिने एकच विचारलं. ‘किती विषय?’

‘एक.’

‘एक! मेले, एका विषयासाठी तू मला सोकोटोत नेऊन ठेवलंस? रोज पहाटे उठून मी प्रार्थना करते, देवा, तिथलं ऊन जरा कमी कर, माझी पोर करपेल. आणि तू इथे, आंब्याच्या सावलीत?’ हातातली चवळी तिने माझ्या अंगावर फेकली. ‘देवाने खरंच ऊन कमी केलं असेल तर? तिथल्या लोकांच्या पिकांचं काय?’

मला हसू फुटलं, तिला नाही. मी गयावया केली. ‘मम्मी, उद्या सरांशी फक्त हसून हात मिळव. मी सांभाळून घेते त्यांना. कुणाला काही कळणार नाही.’

ती पुन्हा सालं काढायला बसली. संध्याकाळपर्यंत घरातली सगळी चवळी सोलून झाली. आमच्या घरात ही भूकंपाची लक्षणं.

रविवारी चर्च गच्च भरलेलं. सर पहिल्या रांगेत, गळ्यात हार. पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे? माझ्या शेजारून मम्मी उठली. साक्ष द्यायला जाणारी बाई आमच्याकडे नाचत जाते, वादक आपोआप ताल धरतात. त्यांनी धरला. मम्मी नाचली नाही. चालत गेली. ताल हळूहळू अडखळून थांबला.

‘गेल्या वर्षी इथे उभी राहून मी साक्ष दिली की माझी इवी पास झाली,’ ती माईकमध्ये म्हणाली. ‘ती साक्ष मी परत घ्यायला आले आहे.’

मागून कुणीतरी सवयीने ‘हालेलुया!’ ओरडलं आणि त्याला कोपरखळी बसल्याचा आवाज आला.

‘पोरगी सोकोटोत नाही. एका विषयात राहिली आहे. विषयाचं नाव...’ ती अडली. ‘काय गं?’

‘संख्याशास्त्र,’ मी पुटपुटले.

‘मोठ्याने! लाज काय वाटून घेतेस, देवाला ठाऊकच आहे.’

‘संख्याशास्त्र, मम्मी!’

‘ते. नापास करणारे साहेब इथेच बसलेत. पाहुणे आहेत म्हणून मी काही बोलत नाही.’ ओसुंडे सर गळ्यातल्या हारातली फुलं मोजू लागले. ‘पोरगी पास झाली की मी पुन्हा येईन. तोवर कुणी टाळ्या वाजवू नका.’

कुणीच वाजवल्या नाहीत. ती मधल्या वाटेने परत निघाली. हिरव्या कापडातल्या त्या वीस बायका मान खाली घालून आपली नखं बघत होत्या. लाज माझी होती आणि तीनशे माणसांमधून मम्मी ती अंगावर घेऊन चालत येत होती. 

ती शेजारी येऊन बसली. तिचे हात गार पडले होते.

‘कुणी टाळ्या वाजवल्या का गं?’ तिने हळूच विचारलं.

‘नाही मम्मी. एकानेही नाही.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘तीनशे जणांच्या शिल्लक राहिल्या. आता उठ, घरी जाऊन अभ्यास कर.’