फ्रीजची मुदतवाढ

उत्तरेश्वरने पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि पेन रंगनाथकडे परत सरकवलं.

"मुदत वाढवून द्या."

शनिवार पेठेतल्या रंगनाथच्या दुकानातून फ्रीज भाड्याने न्यायचा, ठरलेले हप्ते फिटले की तो आपला. रंगनाथची जीभ अशी, की तिच्या धाकाने दुकानातले फ्रीज वीज गेली तरी गार राहतात, असं पेठेत शपथेवर सांगतात. आज मात्र ती अडखळली. शेवटच्या हप्त्याच्या नोटा उत्तरेश्वरच्या मुठीत दिसत होत्या.

"अहो, पैसे हातात आहेत. मुदत काय मुरवायला हवीय?"

उत्तरेश्वरने बाकावरच्या मालनबाईकडे पाहिलं. ती त्याची बायको. पण वेगळे झाल्यापासून तो कात्रजला आणि ती धायरीला, फ्रीजसकट. करार दोघांच्या नावाचा. त्यात बदल करायचा तर दोघांनी समोर येऊन सह्या करायच्या. अशी मुदत त्यांनी आधीही वाढवून घेतली होती, आणि दर वेळी सह्या झाल्यावर दोघं बराच वेळ त्या बाकावर बसली होती. भेटायला दुसरं निमित्तच उरलं नव्हतं.

रंगनाथने नियम सांगितला. मुदत अडचणीत असलेल्यासाठी असते, हौसेसाठी नाही. त्याने पैसे घेतले, पावती फाडली. मालनबाई पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत राहिली.

"आता मालकीचा कागद. एकच नाव लागेल. कुणाचं?"

"हिचं."

"यांचं."

रंगनाथने चष्मा पुसला. याच टेबलावर नावासाठी सख्ख्या भावांनी एकमेकांची गचांडी धरलेली त्याने पाहिली होती. मालनबाईचं म्हणणं, हप्ते ज्याने भरले, वस्तू त्याची. उत्तरेश्वरचं म्हणणं, कात्रजच्या खोलीत फ्रीज ठेवला तर आपल्याला जिन्यात झोपावं लागेल. एकाच्या सांगण्यावरून नाव घालता येत नाही, हे रंगनाथने तीनदा समजावलं. दोघांनी तीनदा मान डोलावली आणि आपलंच धरून ठेवलं. आता फ्रीज भाड्याचाही नव्हता आणि मालकीचाही.

"मग एकमत होईपर्यंत दर महिन्याला इथे यावं लागेल," तो वैतागून म्हणाला. "दोघांनीही."

उत्तरेश्वर बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

"तुला कधी जमेल?" त्याने विचारलं.

रंगनाथने करार उलटा केला आणि त्याची कोरी बाजूही वाचून पाहिली.