कंदाने उतरलेली साखर

कॅनडातल्या केंब्रिजमध्ये देवेशच्या बेसमेंटमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यापाशी ओल्या स्नो बुटांचा ढीग पडला होता आणि आत साठेक मराठी माणसं मोज्यांवर बसून, श्वास रोखून, साखर मोजायच्या एका चिमुकल्या मशीनकडे पाहत होती.

"अवंतिकाकाकू, प्रसाद घेतलात? मग द्या तो हात." आफ्रिकन कंदाचा अर्क विकणाऱ्या शुभंकरजींनी काकूंच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला, चौदा पॉइंट नऊ, म्हणजे भारतातल्या मापाने जवळजवळ दोनशे सत्तर. काकूंचा चेहरा पडला.

"टेन्शन नॉट. आता ही बोटं कंदाच्या पाण्यात दोन मिनिटं. डीप ब्रीदिंग करा. आफ्रिकेची माती आणि आपली तपश्चर्या, दोन्हींचं व्हायब्रेशन एक होतंय, फील करा."

मग त्यांनी काकूंची बोटं नॅपकिनने पुसली, जिभेखाली अर्काचे तीन थेंब टाकले आणि पुन्हा सुई टोचली. सात पॉइंट दोन.

साठ तोंडांतून एकदम "वा" निघाला. पाच मिनिटांत निम्मी साखर गायब. जगातल्या औषध कंपन्यांनी आता गाशा गुंडाळून भजनी मंडळ काढायला हरकत नव्हती.

"आणि हे कॅनडातल्या युनिव्हर्सिटीत प्रूव्ह झालंय बरं का," शुभंकरजी बाटली उंचावत म्हणाले. "प्रूव्ह करणाऱ्या पद्मजामॅडम आज इथेच बसल्यात."

टाळ्या पडल्या. पद्मजाला कुठे तोंड लपवावं कळेना.

दहा वर्षं ती या कंदावर संशोधन करत होती. दक्षिण आफ्रिकेतल्या गवताळ टेकड्यांवर पिवळ्या चांदण्यांसारखी फुलं येणारं हे झाड. तिथल्या एका वैदूबाईने तिला स्वतः कंद उकरून दाखवला होता आणि बजावलंही होतं, "मी माणूस बघून देते. जास्त झालं की हेच बाधतं." पद्मजाने प्रयोग केला तो उंदरांवर. उंदरांची साखर थोडी उतरली, माणसांबद्दल अजून काहीच सांगता येत नाही, असं तिने प्रामाणिकपणे छापलं. शुभंकरजींनी त्यातलं अर्धं वाक्य बाटलीवर घेतलं आणि अर्धं सोडून दिलं.

तेही तिने सोसलं असतं. पण पहिल्या रांगेत तिचे बाबा, नंदन, बसले होते. वय एकाहत्तर, मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. पाच आठवड्यांपूर्वी त्यांनी इन्सुलिन बंद केलं होतं. घरी साखर मोजणंही बंद, कारण घरच्या सुईने म्हणे कंदाची शक्ती जाते.

"बाबा, संशोधन माझं आहे, मी सांगते ना," ती रोज म्हणायची.

"तू उंदीर पाहिलेस. मी आकडा पाहिला. मशीन खोटं बोलत नाही, पद्मा."

आज ती भांडायच्या तयारीनेच आली होती. उभं राहून तिने उंदरांचं सगळं सांगितलं. लोकांनी कौतुकाने ऐकून घेतलं आणि अवंतिकाकाकू म्हणाल्या, "किती मॉडेस्ट आहेस गं."

ती खाली बसली. कुणीतरी तिच्या हातावर शिरा ठेवला. तुपाने, साखरेने बोटं चिकट झाली. हात धुवायला ती उठली, तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "प्रसादाचा हात धुवायचा नसतो, केसांना पुसायचा." पद्मजा जागीच थांबली. इथे प्रत्येकजण प्रसाद खाऊन, न धुतलेल्या हातानेच पहिली सुई टोचून घेत होता.

"माझी पण मोजा," ती पुढे येऊन म्हणाली. तिला डायबेटिस नव्हता. आकडा आला, तेरा पॉइंट एक. लोक हळहळले. शुभंकरजींनी भांडं पुढे सरकवलं.

"नको. मी वॉशरूमला जाऊन येते."

साबण लावून, साध्या नळाच्या पाण्याने तिने हात धुतले, कोरडे केले आणि सगळ्यांसमोर तेच बोट पुन्हा टोचलं. पाच पॉइंट तीन.

"थेंब नाहीत, कंद नाही," ती म्हणाली. "मशीनने रक्ताबरोबर बोटावरचा शिरा मोजला. कंदाच्या पाण्याने तुमचे फक्त हात धुतले जातात. दुसरा आकडाच खरा, आणि तो पहिल्यापासून तेवढाच होता. ज्यांचा दुसराही जास्त येतो, त्यांना हे सांगतात की अजून बाटल्या घ्या."

शुभंकरजींनी डोळे मिटून घेतले. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे या घरच्या नळालाही गुण आलाय?"

"येणारच," शुभंकरजींनी डोळे उघडले. "महिनाभर साधना चाललीय इथे."

दहा मिनिटांत वॉशरूमपुढे रांग लागली. देवेश रिकाम्या बाटल्या शोधायला वर गेला. पद्मजा "अहो, ऐका तरी" म्हणत राहिली. लोक तिला वाट देत होते आणि रांगेत पुढे सरकत होते.

एकटे बाबा जागचे हलले नाहीत. "मला गेल्या रविवारी दुसऱ्या खेपेला तेरा आले होते," ते म्हणाले. "अठराचे तेरा झाले म्हणून मी खूश होतो. घरी चल."

घरी त्यांनी हात धुतले. सुई टोचली. सव्वीस. पद्मजाने त्यांचे मोजे काढले, तर उजव्या पायाचं छोटं बोट काळंनिळं पडलं होतं. कधी लागलं, त्यांना कळलंही नव्हतं. त्या पायाला कधीपासून काही जाणवतच नव्हतं.

इमर्जन्सीत सहा तास गेले. सर्जन सौम्यपणे म्हणाली, की बोट काढावं लागेल. पाय वाचेल असं वाटतं, पण खात्री देता येत नाही.

पद्मजाने रविवारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "मोजण्याआधी हात साबणाने धुवा. आकडा वाईट आला तरी तोच खरा माना. डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन बंद करू नका. या कंदाने एकाही माणसाची साखर उतरल्याचा पुरावा माझ्याकडे नाही." चाळीस जणांनी जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला. पुढच्या रविवारची वेळ कुणीतरी त्याखालीच टाकली.

बाबांनी तो निरोप वाचला आणि फोन परत दिला.

"नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी शिकवायचो," ते छताकडे पाहत म्हणाले. "मापायच्या आधी पार्ट पुसून घ्या. तेल राहिलं तर तेलच मापाल. तीस वर्षं हेच शिकवलं गं मी."

तिने त्यांचा हात धरला.