एका विटेचाही संबंध नाही

मेहुण्याच्या वाट्याला काय येणार होतं ते आधीच सांगून टाकू, म्हणजे पुढे कुणी त्याच्यासाठी डोळे पुसायला नको. बाजारामागचं शीतगृह कागदोपत्री त्याचं. भाडं मात्र सभापतींच्या खिशात. सभापती म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाव वापरू दिल्याबद्दल त्याला दाजींचे जुने शर्ट मिळत आणि ‘हा आमचा साला’ अशी ओळख, जिच्यात नातं किती आणि शिवी किती हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. नवा रस्ता शीतगृहासमोरून गेला की जागा विकायची आणि त्यातून मेहुण्याला एक दुकान घेऊन द्यायचं, असं कबूल झालं होतं. दाजींचा शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ. पण मेहुणा पाण्यावरही सही करणारा.

अशात नियम आला. सभासदांनी आपापले हितसंबंध भर सभेत उभं राहून सांगायचे, आणि ज्या कामात हितसंबंध असेल त्यावर मत द्यायचं नाही. नियमात बायको होती, मुलं होती. बायकोचा भाऊ नव्हता. नियम करणाऱ्यांनाही मेहुणे असतात.

त्या दिवशी सभा ऐकून वाटावं, गावाचा कारभार भिकारी चालवतात. एकाकडे फक्त सायकल, दुसरा सासूच्या घरात आश्रित, तिसऱ्याची दौलत म्हणजे जनतेचं प्रेम. सभापती उठून म्हणाले, “निरंक.”

“आणि ते शीतगृह?” विरोधी बाकावरून आवाज आला.

खोटं बोलायचं असलं की सभापतींना कंठ फुटतो. “ते माझ्या मेहुण्याच्या घामाचं आहे! माझा त्यात एका विटेचाही संबंध असेल तर ही जीभ झडो!”

टाळ्या पडल्या. प्रेक्षकांत बसलेल्या मेहुण्याकडे माना वळल्या, कुणी हात मिळवला. त्यानं दाजींच्याच जुन्या शर्टाची कॉलर ताठ केली. खोटं शंभरदा ऐकलं की खरं वाटतं म्हणतात. फायद्याचं असेल तर एकदा पुरतं.

रस्ता मंजूर झाला. सभापतींनी जेवणाच्या टेबलावर विक्रीचा कागद सरकवला. “कर सही. गिऱ्हाईक थांबलंय.”

“दाजी, तुमचा काय संबंध?”

“साल्या, डोकं फिरलं का तुझं?”

“भर सभेत बोललात. जीभ झडेल ना.”

“अरे, कर की सही,” बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली. “दुकान देतायत ना तुला?”

“माझ्याच घामातलं दुकान मला, ताई?”

“तुझा घाम?” सभापती ओरडले. “तुला घाम फक्त जेवताना येतो!”

मेहुणा ताटावरून उठला. दाजी कोर्टात गेले तर काय सांगणार? सभेत खोटं बोललो म्हणून? त्याचं दुकान आता अख्खं शीतगृह झालं होतं.

पुढच्या सभेत सभापतींनी रस्त्याचा नकाशा बदलायचा ठराव मांडला. सचिवांनी रीतीप्रमाणे विचारलं, “या कामात आपला हितसंबंध?”

“निरंक,” सभापती म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा खरं बोलले.

सरळ येणारा रस्ता शीतगृहाच्या अलीकडे वळला आणि शाळेच्या मैदानावरून गेला. शीतगृहाच्या दारापुढे भिंत उभी राहिली. ट्रक आत वळेनात, भाडेकरू निघून गेले. विजेचं बिल तेवढं मालकाच्या नावानं न चुकता येत राहिलं.

सभापतींचं शीतगृह गेलं, मेहुण्याचं दुकान गेलं, बहिणीचं माहेर तुटलं. पण गमावणं वेगळं आणि पैसे भरणं वेगळं. वळणाचा आणि भिंतीचा खर्च भागवायला घरपट्टी वाढवली. वाढीव पट्टीची पहिली नोटीस आली मेहुण्याला, मालक म्हणून. बाकी गावाला ती दुसऱ्या दिवशी आली, मैदानाशेजारच्या घरांनाही.