पिठातलं पाऊल

महिपतीच्या दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या आईनं, बनूबाईंनी, तांदळाचं पीठ चाळलं. भाकरीसाठी त्यांनी कधी इतकं बारीक चाळलं नव्हतं. हेंद्रेपाड्याच्या दोन खोल्यांच्या घरात ज्या कोपऱ्यात लेकाचा जीव गेला, तिथं त्यांनी परात ठेवली, परातीत पीठ सपाट पसरलं, शेजारी कणकेचा दिवा लावला आणि परातीवर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलायची. पाखराचा पाय उमटला तर पाखराचा जन्म, मुंगीचा माग दिसला तर मुंगीचा, माणसाचं पाऊल दिसलं तर सगळ्यांना हायसं. गेलेला माणूस कुठं गेला हे कळायची त्या घरातली हीच रीत.

महिपतीच्या बायकोचा, विठाचा, या रितीला विरोध नव्हता. केलेलं आपल्यामागं येतं एवढं तिलाही पटत होतं. पण ज्याचं त्याच्या नावावर यावं, एकाचं दुसऱ्याच्या नावावर नको, असं तिचं रोखठोक मत. दहा वर्षांत तिनं वाण्याचा हिशेब कधी चुकू दिला नव्हता, मग देवाचा का चुकू द्यावा?

आणि खरं म्हणजे तिचं लक्ष परातीपेक्षा अंबरनाथकडं होतं. महिपती तिथल्या एका रंगाच्या कारखान्यात मशीनवर होता. नोकरीत असताना कामगार गेला, तर घरातलं एक माणूस कामावर घ्यायचं, अशी कंपनीची जुनी पद्धत. चौथ्या दिवशी महिपतीच्या पाळीतला भगवान ते सांगायला घरी आला होता. "एकच माणूस घेतील वहिनी. आणि कुणाला घ्यायचं ते आईनं येऊन सांगावं लागेल. पॅकिंगला बायका आहेत."

"मी येते," विठा म्हणाली.

हे ती इतक्या पटकन म्हणाली की, रडायला आलेल्या बायका रडायच्या थांबल्या.

महिपतीचा धाकटा भाऊ आनंदा तेव्हा काहीच बोलला नाही. आनंदा मुळात फार बोलायचा, म्हणून त्याचं न बोलणं विठानं नीट लक्षात ठेवलं. उल्हासनगरला पँटी शिवण्यापासून पापड पोचवण्यापर्यंत त्यानं सगळं करून सोडलं होतं. कुठलाच शेठ त्याला वर्षभर पुरला नव्हता. शेठ लोकांकडून तो एवढंच शिकला होता की, भाव ठरेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

सकाळी टोपली उचलायचा मान पालेगावच्या कोंडाजीकाकांचा. ते महिपतीचे चुलते. पंचक्रोशीतलं पीठ तेच वाचायचे, आणि त्यांच्या वाचनात जेवण चांगलं असलेल्या घरचा माणूस कधी किडामुंगीच्या जन्माला गेला नव्हता.

टोपली निघाली. पिठात इवलंसं पाऊल होतं.

"लेकराचं!" कोंडाजीकाका म्हणाले. "आणि बोटं बघा, आतल्या खोलीकडं. घरातच परत येतोय महिपती!"

आतल्या खोलीच्या दारात आनंदाची बायको सरस्वती उभी होती, पाचव्या महिन्यातली. सगळ्यांचे डोळे तिच्या पोटावर गेले. बिचारीनं आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, मग तोच ओढून पोटावर घेतला, आणि पदर दोन्हीकडं पुरेना.

विठानं वाकून पाऊल पाहिलं. मुठीच्या कडेनं उमटवलेला तळवा, वर बोटाच्या टोकानं दिलेले पाच ठिपके. गौरी आणताना उंबऱ्यापासून आतपर्यंत लक्ष्मीची पावलं काढतात तसंच. आणि तळव्याला बाहेरच्या बाजूनं फुगवटा. या घरच्या गौरीच्या पावलांना तो दरवर्षी असायचा, कारण बनूबाईंची करंगळी लहानपणी जात्यात सापडून ताठ झालेली, मुठीत मावायची नाही. विठानं दहा वर्षं ती पावलं पुसली होती.

बोलायला तिनं तोंड उघडलं आणि सासूकडं पाहिलं. बनूबाई परातीकडं अशा बघत होत्या, जणू ते पाऊल त्यांनाही आताच दिसतंय.

विठानं तोंड मिटलं.

नदीवरून पिंड देऊन परत आल्यावर आनंदानं भाव उघड केला. "वहिनी, आता दादा माझ्या पोटी येणार. त्याला वाढवणार कोण? मी. मग त्याची नोकरी कुणाला पाहिजे? त्याच्याच पगारावर तो वाढला, तर त्याच्या जिवाला बरं वाटंल ना."

"भावजी, तो आत पाच महिन्यांपास्नं हाय. हे जाऊन दहा दिवस झाले. तोवर आत कोण होतं, भाडेकरू?"

सरस्वतीला एकदम हसू फुटलं. ते तिनं खोकल्यात घातलं.

"जीव सातव्यात शिरतो, सूनबाई," कोंडाजीकाका म्हणाले. त्यांच्याकडं सगळ्याला उत्तर होतं. "आणि तुझ्या कपाळी जे आलंय, ती मागच्या जन्मीची बाकी. निमूट फेड, पुढचा जन्म सुखाचा जाईल."

"काका, त्या जन्मात मी काय उचललं ते मला आठवत नाय. आठवत नाय त्याच्यावर मी अंगठा उठवायची नाय."

संध्याकाळी भगवान चौकशीला आला, तेव्हा कोंडाजीकाकांनी त्याला मुद्दाम परात दाखवली. "तुम्ही बुद्धाचे लोक. तुम्हाला हे पटायचं नाय."

"नाय पटत, काका," भगवान शांतपणे म्हणाला. "पहिली पाळी सुटते, दुसरी येते. मशीन चालूच राहतं, केलेलं काम पुढं जातं. पण दुसऱ्या पाळीला येतो तो पहिलाच माणूस नसतो. आमचं एवढंच म्हणणं."

"म्हंजे हे आता कुठंच नाहीत?" विठानं विचारलं.

भगवान जरा अडखळला. "त्यांनी तुम्हाला जे शिकवलं, त्यात आहेत."

महिपतीनं तिला सायकल चालवायला शिकवली होती, बाकी फारसं काही नाही. हे म्हणणंही तिला पुरेसं वाटलं नाही. पण या माणसानं आपलं मत तिच्या नोकरीच्या आड आणलं नव्हतं, ही त्याची जमेची बाजू तिनं मनात मांडून ठेवली.

जाताना भगवान म्हणाला, "सोमवारी साहेब बोलावतात. आईला घेऊन या."

म्हणजे सगळं येऊन बनूबाईंवर थांबलं होतं. आणि बनूबाई तीन दिवस कुणाशीच बोलत नव्हत्या. सरस्वतीला मात्र दूध देत होत्या, आणि पेला पुढं करताना म्हणत होत्या, "घे रं बाबा."

तेराव्याचं जेवण झालं. बाहेरचे उठून गेले, तेव्हा आनंदानं आईला घरच्यांसमोर विचारलं, "मग सोमवारी मीच जाऊ ना?"

कुणी काही बोलायच्या आत विठानं हातातलं भांडं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

"आत्या, मला पहिलं सांगा. येणारा हे स्वतःच असतील ना?"

"हो गं," बनूबाई म्हणाल्या.

"मग माझा नवरा माझ्या खोलीत राहील. मूल झालं की माझ्या ताब्यात. अंगावर पिईल तेवढा सरस्वतीकडं, पुढं माझ्या लेकीसोबत, तुळशीसोबत, मी वाढवीन. आणि त्याची जागा मी चालवीन. अठरा वर्षांचा झाला की समोर येऊन म्हणू दे, विठे, माझी नोकरी दे. त्या दिवशी सोडते. दुसऱ्या कुणी मागितली तर द्यायची नाय."

"असं कुठं असतंय व्हय, वहिनी? ते लेकरू माझं ना!" आनंदा म्हणाला.

"तुमचं की ह्यांचं? एक काय ते ठरवा. नोकरी मागताना ह्यांचं आणि कडेवर घेताना तुमचं, असं दोन्हीकडनं नाय चालायचं."

कोंडाजीकाकांनी उत्तरासाठी छताकडं पाहिलं. पण उत्तर आलं दारातून. सरस्वती त्या घरात मोठ्यांसमोर पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"माझं लेकरू कुणाचा नवरा नाय! थोरल्यांसमोर मी कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नाय, आता त्यांना पाजू का काय? रात्री झोप नाय मला. ऐकून घ्या सगळ्यांनी, पोटातलं माझं हाय, नवं कोरं हाय!"

एवढं बोलून ती रडायला लागली. विठा उठून तिच्याजवळ बसली. "तुझंच हाय. मी काय घेऊन जाते का, येडे?"

आनंदानं आईकडं पाहिलं. बनूबाई उठून मागच्या दारी गेल्या.

थोड्या वेळानं विठा भांडी घेऊन मागं गेली. दोघी शेजारी बसून राखेनं भांडी घासू लागल्या. परात बनूबाईंच्या हातात होती. ती केव्हाच लख्ख झाली होती, तरी त्या घासत होत्या.

"पहाटेच बघितलं मी," त्या हळूच म्हणाल्या. "कोरं होतं, विठे. मुंगीसुदिक नाय. माझा एवढा लेक गेला आन् पिठाला त्याची खबर नाय."

"मला ठाऊक हाय, आत्या."

"मग बोलली का नायस? सगळ्यांदेखत?"

"तुम्ही त्याच्याकडं बघत होतात."

बनूबाईंनी परात पालथी घातली. ताठ करंगळीनं डोळ्याखालची राख पुसायला गेल्या आणि आणखी फासली. "येणार तो," त्या म्हणाल्या. "कोरं तर कोरं. येणारच."

"येऊ दे की. मी कामावर असंन, तुम्ही घरी असाल. ताट वाढून द्या त्याला."

सोमवारी दोघी अंबरनाथला गेल्या. ऑफिसातल्या साहेबानं चष्म्यावरून बघत विचारलं, "घरात कर्ता पुरुष असताना सून कशी?" भगवान काही बोलणार, तेवढ्यात बनूबाईच पुढं झाल्या.

"पुरुष हाय. त्याला सहा ठिकाणी बघितलाय लोकांनी, एकदा तुम्ही बघा असं मी म्हणायची नाय. हिला बघा. हिच्या हाती दिलेलं हिनं कधी सांडलं नाय."

त्याच आठवड्यात विठा पॅकिंगला लागली. सकाळी महिपतीच्या सायकलवरून स्टेशनापर्यंत जायची. हेंद्रेपाड्यानं दोन दिवस तोंडावर हात धरले आणि तिसऱ्या दिवशी खाली घेतले.

मार्गशीर्षात सरस्वतीला मुलगी झाली. आनंदाचा पुनर्जन्मावरचा विश्वास त्या दिवशी उडाला. तो पुन्हा उल्हासनगरला जाऊ लागला, यावेळी कुणाच्या तरी फर्निचरच्या दुकानात. कोंडाजीकाका म्हणाले, पाऊल वाचायला उजेड कमी होता.

बनूबाईंचं मात्र काही बिघडलं नाही. कामावरून आलेल्या विठाच्या मांडीवर त्यांनी पोर ठेवलं आणि कान पुढं केला, पोरीचा. "बघ, पाळ अगदी त्याच्यासारखी. बाई होऊन आला म्हणून काय झालं?"

विठानं पाळ पाहिली. कुणाच्याही कानासारखा कान होता. पोरीनं तिचं बोट घट्ट धरलं होतं, रंगाचा डाग अजून न गेलेलं.

"काय झालं काय," विठा म्हणाली. "बोली ती बोली. अठराची होऊन मागू दे. हिलाही देईन."

आणि उद्याच्या डब्यासाठी पीठ चाळायला उठली.