हौसाबाईला न दिलेली गोळी

"अगं ए, हात काढ पिशवीतनं!" सगुणाबाई एवढ्या जोरात ओरडली, की पुढच्या सीटवर डुलक्या घेणारी बाईसुद्धा दचकून उठली.

हौसाबाईच्या हातात सगुणाबाईची, कालच आणून पिशवीत राहिलेली गोळ्यांची पट्टी होती आणि एक गोळी निम्मी बाहेर आली होती. कंपनीची गाडी मोशीच्या चौकात अडकलेली. या गाडीत तुझं-माझं असं काही नव्हतंच. लोणचं म्हणा, गजरा म्हणा, जिला हवं तिने जिच्या पिशवीतून हवं ते घ्यावं. चाकणला गाड्यांच्या वायरी बांधून बांधून सगळ्याच बायकांचे हात आणि माना कामातून गेल्या होत्या. दुखण्याच्या गोळ्या तर प्रसादासारख्या वाटल्या जायच्या.

"तुजा हात दुखायचा राह्यला ना हिच्यानं? मग माजाबी राहील की," हौसाबाई म्हणाली. "हाडवाल्या डाक्टरची कडक गोळी सकाळीच घेतलीया, पन ठणका काय जाईना."

डॉक्टरीणबाईंनी सगुणाबाईला बजावून सांगितलं होतं, ही गोळी कुणाला द्यायची नाही. दुसऱ्या कडक गोळीवर तर मुळीच नाही, जिवावर बेतेल.

"नगं घेऊ बाई. त्या गोळीवर ही चालत न्हाई."

"दुखनं तेच, मग गोळी न्यारी कशी? द्यायची न्हाई म्हन की सरळ! उद्या सोयऱ्या व्हनार आपुन, आन् एका गोळीसाठी जीव खालीवर व्हतोय तुजा!"

हीच तर खरी मेख होती. सगुणाबाईच्या सृष्टीला हौसाबाईच्या भाच्याचं, ऋतिकचं स्थळ आलेलं. पोरगा कामसू, माण गावात स्वतःचं घर, आणि सृष्टीलाही मनापासून आवडलेला. रविवारी बोलणी पक्की व्हायची होती. गोळी जुनी झालीय, असं ठोकून देता आलं असतं. पण मग ही बया नाव वाचून उद्या मेडिकलमधून घेऊन आली असती.

"उदासीची गोळी हाय ती," सगुणाबाई म्हणाली. "मन खचलेल्यांना देत्यात ना, तीच. नसांच्या दुखन्यालाबी चालती, म्हनून मला दिली."

हौसाबाईने पट्टी पिशवीत टाकली आणि पदराला हात पुसले.

दुसऱ्या दिवशी ती ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. कंपनीच्या गेटवर उतरल्यावर मात्र जवळ आली. "हाडवाल्याला फोन केलता. म्हनला, घेतली असती तर दवाखान्यात न्यावं लागलं असतं. उपकार झाले बाई तुजे." मग नजर खाली गेली. "पन लग्नाचं... दादा-वहिनी न्हाई म्हनत्यात. डोक्याचं खूळ घरात नगं म्हनत्यात."

संध्याकाळी पिंपळे गुरवला घरी येताच सगुणाबाईने मेथ्यांच्या डब्यात लपवलेली पट्टी काढली आणि तडक कचऱ्याच्या डब्यापाशी गेली. आग लागो या गोळीला! पण हात तिथंच थांबला. एकदम बंद करायची नाही, चक्कर येईल, जीव घाबरा होईल. थांबवायची तर मी हळूहळू कमी करून देईन, असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

"आई."

सृष्टी दारात उभी होती. डोळे रडून लाल झालेले. "हौसामावशीचा फोन आला होता."

"माज्यापायी मोडलं गं पोरी!" सगुणाबाईला हुंदका आवरेना.

सृष्टीने डोळे पुसले. मग तिने ताट वाढलं. "जेव आधी. जेवणानंतरची आहे ना ती?"

"तुला ठावं व्हतं?"

"त्या डब्यात मेथ्या कोण भरतं, आई?"

सगुणाबाई दोन घास जेवली, गोळी घेतली. पट्टी परत डब्यात टाकायला निघालेला तिचा हात सृष्टीने धरला आणि पट्टी मिठाच्या बरणीशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली.