वीस मिनिटं पुढे

आमच्या घरात तीन घड्याळं होती आणि तिन्ही चुकीची होती. घरातली बाई चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करत आलेली, त्यामुळे पाहुण्यांना याची फार गंमत वाटे. स्वयंपाकघरातलं वीस मिनिटं पुढे, दारापाशी टांगलेलं दहा मिनिटं पुढे आणि झोपायच्या खोलीतलं अर्धा तास मागे. ते मागे का, तर सकाळी डोळा उघडल्यावर माणसाला अजून थोडं पडून राहता येईल असं वाटलं पाहिजे, असं हिचं मत. कुठल्या खोलीत किती मिळवायचे आणि किती वजा करायचे, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की हिशेब चालू आहे हेही कळत नसे. बाहेर पडायची वेळ मात्र नेहमी स्वयंपाकघरातल्या घड्याळावरूनच ठरे. हिच्या मनगटावर घड्याळ नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची हातात धरल्यावर स्वतःचं कशाला, असं ती म्हणते. माझ्या मोबाइलमध्ये वेळ असते हे मला मान्य आहे, पण मोबाइल कुठे असतो हे मला कधीच माहीत नसतं. निवृत्त झाल्यापासून मी हिच्याच वेळेवर चालतो.

ऐन थंडीतल्या एका रविवारी संध्याकाळी चिरंजीव आले. बरोबर सून, नात आणि एक छापील कागद. त्याच्या आदल्या महिन्यात ही दवाने ओल्या झालेल्या पायरीवरून घसरली होती आणि एकदा गॅसवर पातेलं करपून काळं ठिक्कर पडलं होतं. पातेल्याबद्दल पुढे सांगेन. या दोन गोष्टी एकत्र करून चिरंजिवांनी निष्कर्ष काढला होता की आईबाबांना आता एकटं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या घरी आमच्यासाठी एक खोली रंगवून तयार होती. लिफ्ट, चोवीस तास गरम पाणी, खिडकीतून समोरची भिंत.

"आणि माझं टेबल?" हिने विचारलं. टेबल म्हणजे खिडकीशी असलेलं तिचं कामाचं टेबल. दुकान दोन वर्षांपूर्वी सोडलं, पण शेजारपाजारची घड्याळं अजून तिथे उघडी पडलेली असतात.

"टेबल कशाला आता, आई. डोळ्यांना त्रास."

"डोळे माझे आहेत. त्यांनी तुझ्याकडे तक्रार केली का?"

सुनेने मध्ये पडून तोडगा काढला. हा एक आठवडा बघू. कागदावर नऊ कामं होती. सोमवारी गीझरवाला, मंगळवारी रक्ततपासणी, बुधवारी नातीला शाळेतून आणणं, गुरुवारी स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ, आणि मधेमधे चष्मा, बँक, चपलांचे अंगठे अशी किरकोळ. सगळं सुरळीत पार पडलं तर पुढचा हिवाळा येईपर्यंत विषय बंद. नाही पडलं तर महिनाअखेरीला टेम्पो.

"परीक्षा घेतोयस माझी?" ही म्हणाली.

"परीक्षा नाही गं, काळजी."

"काळजीला टक्के किती लागतात पास व्हायला?"

ती शेजाऱ्यांचं दुरुस्त झालेलं घड्याळ द्यायला गेली, मी बल्ब आणायला खाली गेलो. परत आलो तेव्हा चिरंजीव स्टुलावरून खाली उतरत होते. जाळी काढत असतील म्हणून मी कौतुकाने पाहिलं. निघताना त्यांनी आपलं मनगटी घड्याळ काढून आईच्या टेबलावर ठेवलं. दर हिवाळ्यात ते साफ करून तेल घालून घ्यायचं, ही त्यांची एकमेव नियमित सवय. बाकी हा मुलगा जन्मालाच दहा दिवस उशिरा आला आणि तो अनुशेष त्याने अजून भरून काढलेला नाही.

सोमवारी गीझरवाला दहाला येणार होता. बेल वाजली तेव्हा हिने स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहून वीस वजा केले. "अहो, वीस मिनिटं लवकर आला."

"गीझरवाला?"

"हो."

आम्ही दोघांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. मी त्याला चहा विचारला. तो संशयाने म्हणाला, "काय झालं, साहेब? मी काही केलं का?"

मंगळवारी प्रयोगशाळा उघडायच्या आत पोचून पहिला नंबर लावायचा आमचा बेत होता. तर दार सताड उघडं आणि आमच्या पुढे सात जण. "थंडीमुळे लोकांना झोप लागत नाही," मी म्हणालो. उपाशीपोटी बसून ती समोरच्या सात डोक्यांकडे बघत राहिली.

बुधवारी मात्र गंमत संपली. नेहमीप्रमाणे शाळा सुटायच्या पाच मिनिटं आधी म्हणून आम्ही पोचलो, तर फाटकात नात आणि पहारेकरी असे दोघेच उभे. नातीचं नाक थंडीने लाल झालेलं.

"आज लवकर सोडली का शाळा?" हिने विचारलं.

"शाळा वेळेवरच सुटली, आजी," पहारेकरी म्हणाला. "पंधरा मिनिटं झाली. मी घरी फोनसुद्धा केला."

"असं कसं होईल?"

"मला काय माहीत. घंटा मीच वाजवली."

संध्याकाळी चिरंजिवांचा फोन आला. आवाजात राग अजिबात नव्हता, त्यामुळे फारच वाईट वाटलं. "आई, जाऊ दे. होतं या वयात. उद्या डॉक्टरांना सगळं सांग." फोन ठेवून ही टेबलापाशी गेली. दिवा न लावता तिने बारके स्क्रूड्रायव्हर एकेक करून पुसले आणि डबीत ठेवायला सुरुवात केली. ती डबी गेल्या कित्येक वर्षांत बंद झालेली मी पाहिली नव्हती.

"अहो, मला काही होतंय का?"

मी नाही म्हणालो. पण उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला आणि तो तिने मोजला. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर लिफ्ट होती. आणि गरम पाणी.

गुरुवारी डॉक्टरांची वेळ अकराची. आमच्या हिशेबाने आम्ही अकराला पाच कमी असताना पोचलो. खिडकीतल्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "पंधरा मिनिटं उशीर झालाय, आजी. बसा, बघते सोडतात का."

हिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा. मग मुलीच्या फोनकडे. तिथेही सव्वाअकरा. ती खुर्चीत बसली आणि बोटांवर काही मोजू लागली. मला वाटलं, आता रडते. पण तिची मान हळूहळू ताठ झाली. गिऱ्हाईक सांगतंय की घड्याळ पडलेलं नाही आणि हिला काच उघडल्याबरोबर दिसतंय की दोनदा पडलंय, अशा वेळी तिचा चेहरा होतो तसा झाला.

"सोमवारी किती?" तिने विचारलं.

"काय किती?"

"गीझरवाला किती लवकर आला?"

"वीस मिनिटं."

"काल आपण पाच मिनिटं आधी पोचायचं, ते पंधरा मिनिटं उशिरा पोचलो. आज तसंच. म्हणजे वीस. रोज वीस." ती माझ्याकडे वळली. "अहो, झिजलेलं घड्याळ आज चार मिनिटं चुकतं, उद्या अकरा. रोज नेमकं तेवढंच चुकत असेल, तर ते झिजलेलं नसतं. ते कुणीतरी लावलेलं असतं."

मला स्टूल आठवलं. मी ते सांगितलं. ती फक्त "हं" म्हणाली आणि पर्स घट्ट धरून आत गेली.

डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारे होते. त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: खुर्ची, नदी, लिंबू. मग वार, महिना, शंभरातून सात वजा. वजाबाकीत हिला हरवणं अवघड होतं, ती चाळीस वर्षांची साधना होती. शेवटी त्यांनी कोरा कागद पुढे केला. "आता एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं."

"कुठलं?"

"कुठलंही. साधं."

"साधं असं काही नसतं. किल्लीचं की बॅटरीचं? लंबकाचं की बिनलंबकाचं?"

"तुम्हाला आवडेल ते, आजी."

ही चूक होती. हिने आधी तबकडी काढली, काटे बरोबर जागी. अकरावर दहा मिनिटं झाल्यावर तासकाटा अकराच्या किती पुढे सरकतो, तेही मोजून. मग शेजारी तेच घड्याळ मागून उघडून काढलं. चाकं, दाते, स्प्रिंग, लंबक. दात्यांची संख्या बाजूला लिहिली. डॉक्टर पुढे वाकून बघू लागले. बाहेरची मुलगी दोनदा डोकावून गेली. पाऊण तासाने डॉक्टर म्हणाले, "छान. झालं आपलं."

"नाही झालं," ही म्हणाली. "ते तीन शब्द तुम्ही विचारलेच नाहीत."

डॉक्टरांनी कागद उलटासुलटा केला. "हो की. खुर्ची, नदी आणि..."

"लिंबू," ही म्हणाली. "आणि तुमचं भिंतीवरचं घड्याळ फार जोरात टिकटिकतंय. कोरडं पडलंय. खाली काढून द्या, सोमवारपर्यंत करते."

ते घड्याळ मीच पिशवीतून घरी आणलं. घरी आल्यावर हिने तिन्ही घड्याळं खाली उतरवली. स्वयंपाकघरातल्या घड्याळाच्या पाठीवर वर्षानुवर्षांचा चिकट थर होता आणि काटे फिरवायच्या चकतीवर एका अंगठ्याएवढी जागा स्वच्छ झाली होती. हिने स्वतःच्या अक्षरात प्रत्येकामागे पेन्सिलीने लिहून ठेवलेलं होतंच: वीस पुढे, दहा पुढे, तीस मागे. तिने सगळी पुन्हा तशी लावली. मग डबीतून स्क्रूड्रायव्हर काढले आणि टेबलावर त्यांच्या ठरलेल्या जागी मांडले.

उरलेली कामं आम्ही सैन्यासारखी उरकली. शनिवारी मी बँकेत इतका वेळेवर पोचलो की शटर अर्धंच वर गेलं होतं.

रविवारी चिरंजीव जेवायला एकाऐवजी पावणेदोनला आले. कागद उघडला. तीन कामांवर लाल खूण होती. "आई, मला बोलायला आवडत नाही, पण—"

"मग जेव आधी."

जेवण झाल्यावर तिने तीन घड्याळं टेबलावर पालथी ठेवली. चिरंजिवांनी पाठीवरचं वाचलं. कान लाल झाले. लहानपणापासून त्याचं आधी कानच कबूल करतात.

"मी फक्त बरोबर लावली होती."

"बरोबरच होती."

"वीस मिनिटं पुढे होतं ते, आई."

"हो. वीस मिनिटं पुढे आणि बरोबर."

"मला माहीत होतं," नात म्हणाली. "किचनचं वीस, दाराचं दहा, आणि आजीच्या खोलीतलं उलटं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

सून खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे हलत होते. चिरंजिवांनी शेवटचा डाव टाकला. "ठीक आहे, घड्याळं माझी चूक. पण पातेलं? ते तर मी नव्हतं जाळलं."

सगळे हिच्याकडे बघू लागले. ही माझ्याकडे बघू लागली. गेला महिनाभर ती हे ओझं निमूट वाहत होती. मला वाटायचं, तिच्या लक्षात नाही. आता कळलं की ती नुसती वाट बघत होती, मी कधी तोंड उघडतो याची.

"पातेलं मी जाळलं," मी म्हणालो. "दूध ठेवलं आणि शब्दकोडं सोडवत बसलो. सात आडवे अडलं होतं."

"बाबा, मग तुम्ही तेव्हा का नाही—"

"घाबरलो. आणि तुझ्या घरची लिफ्ट मला आवडते."

"म्हणजे तुम्हाला यायचंय?"

माझे गुडघे हो म्हणत होते. समोर ती बसली होती, हात घडी घालून, काहीही न सुचवता. "नाही," मी म्हणालो. "मी हिच्या वेळेवर चालतो. तुमच्याकडे ती वेळ नाही."

चिरंजिवांनी कागदाची घडी घातली. पुढच्या हिवाळ्यात परत बोलू, असं म्हणाले. "पुढच्या हिवाळ्यात तू कागद आणू नकोस," ही म्हणाली. "कागद मी देईन." आणि खरोखरच एक कागद दिला. त्यावर त्याची कामं होती: पायरीला कठडा, बाहेरचा दिवा, आठवड्यातून एक फोन, ज्यात "काळजी" हा शब्द नसेल. वर साफ केलेलं मनगटी घड्याळ ठेवलं. त्याने ते बांधलं आणि आई घसरली होती त्या पायरीवर पाय जपून ठेवत तो खाली गेला.

सोमवारी सकाळी फोन वाजला. मोबाइल पावाच्या डब्यात होता. ही डॉक्टरांचं घड्याळ उघडून बसली होती, म्हणून मी तो तिच्या कानाशी धरला.

"आई, मी ऑफिसात पोचलो तर कुलूप होतं. घड्याळ पुढे आहे."

"किती?"

"वीस मिनिटं."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली, आणि दिवा जरा जवळ ओढून घ्यायला मला सांगितलं.