कारणाचा रकाना

विनायक सरकारी कचेरीत कागदांच्या नकला करणारा नकलनवीस होता आणि आपल्या अक्षराचा त्याला भारी तोरा. तोरा असायला हरकत नाही, पण ज्याच्या हाती लेखणी त्याला थोडं डोकंही लागतं. तिथेच विनायकाचं घोडं पेंड खात होतं.

साल सत्तावन्न. राजधानी नागपूरहून भोपाळला गेलेली. बुऱ्हाणपुरातल्या त्या कचेरीत मराठी पाट्या उतरून हिंदी चढलेल्या, आणि कुठला कागद दाखवायचा नि कुठला नाही हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलं की सरकार सरळ नाही म्हणतं.

अशात फोपनारची मालूबाई आली. तिचा नवरा निंबा गवंडी होता आणि तुरुंगात होता. सरकारी गोदामाची भिंत पडून दोन मजूर मेले होते. भिंतीत चुन्याऐवजी माती निंबानेच भरली, असं सांगून ठेकेदार पंडितशेठ मोकळा झाला होता.

"ठेक्याचा कागद पायजे, बाबूजी," ती म्हणाली. "चुना देनं शेटकडं होतं. आमच्या घरचे तर बस थापी चालवत. पंधरा दिवसांनी तारीख हाय."

विनायकाला दया आली. ती खरी होती, एवढं त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. नकलेच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असे. कारण त्रोटक असलं की साहेब अर्ज परत धाडत, म्हणून रकाना भरगच्च लिहायचा ही त्या खोलीची रीत. त्याने विचारलं, "चुना गेला कुठे, कुणी पाहिलं?"

"सोजरबाईनं पाह्यलं. शेटच्या नव्या घराकडं गोन्या जात होत्या. कोर्टात सांगते म्हने. पन तिचं नाव आता काढू नका, गरीब हाय, घाबरते."

"कागद कचेरीतच राहतो, बाई," विनायक म्हणाला. सोजरबाईचं नाव, गाव, तिने काय पाहिलं, सगळं त्याने टपोऱ्या अक्षरात लिहिलं आणि नावाखाली एक सुबक रेघही ओढली.

अर्जदारांची यादी नियमाप्रमाणे दारावर लागली. चौथ्या दिवशी साहेबांचा शेरा आला : ठेक्याचे कागद गोपनीय, नक्कल देता येत नाही.

त्याच दुपारी पंडितशेठचा मुनीम प्रकाश पान चघळत आला. यादी त्याने वाचली होती. त्याला मालूबाईच्या अर्जाची नक्कल हवी होती.

विनायक साहेबांकडे धावला. साहेबांनी मानही वर केली नाही. "ठेका गोपनीय है, अर्जी थोड़े ही गोपनीय है! टिकट लगाया है ना? दे दो."

विनायकाला दौत सांडता आली असती. निदान एक ओळ गाळता आली असती. पण बायकापोरं होती, नोकरी होती, आणि मेल्याला नक्कल बरहुकूम करायची सवय होती. सोजरबाईच्या नावाखालची रेघसुद्धा त्याने तशीच ओढली.

तारखेला सोजरबाई आली ती पंडितशेठच्या बैलगाडीतून, नवं लुगडं नेसून. "चुना भरपूर होता," ती खाली बघत म्हणाली. "निंबा मिस्तरीच माती भरे." शेठच्या वकिलाच्या हातात एक कागद होता. निंबाला दोन वर्षांची सजा झाली.

मालूबाई पुन्हा कचेरीत आली. अपिलासाठी निकालाची नक्कल हवी होती.

"ती मिळते," विनायक पुटपुटला. "निकाल गुप्त नसतो." त्याने अर्ज पुढे ओढला, नाव-गाव लिहिलं आणि सवयीने विचारलं, "कारण काय लिहू?"

"वकिलाच्या हातातला कागद मी पाह्यला, बाबूजी. वाचता नाही येत मले. पन माझ्यासमोर लिहिलेलं अक्षर वळखते." ती उठली. "कोरं ठेवा. तुम्हाले आता काही सांगनार नाही."

तो शरमेने काळाठिक्कर पडला, आणि त्या शरमेपोटी या खेपेला त्याने तिचं ऐकलं. रकाना कोरा ठेवला.

कारण त्रोटक म्हणून साहेबांनी अर्ज परत धाडला. तो फोपनारला पोचला तेव्हा अपिलाची मुदत संपून सहा दिवस झाले होते.